थंडीआधीची खुडणी

चहाचं झाड असतं हे मला साठी उलटल्यावर कळलं. त्याआधी चहा म्हणजे पत्र्याच्या डब्यातली काळी भुकटी. ती कुठून येते, कोण करतं, हे कधी मनातच आलं नाही. मीठ कुठून येतं ते तरी कोण विचारतं?

सुनेनं पहिल्यांदा तिच्या शेतावर नेलं तेव्हा मी म्हणलं, "यात चहा कुठाय?" समोर कमरेएवढी झुडपं, ओळीनं लावलेली, गर्द हिरवी. एक पान तोडून चावलं तर नुसतं तुरट. सून हसली. म्हणाली, "आई, सगळं त्याच्यातच आहे. आपण ते बाहेर काढायचं असतं."

शेत तिचं स्वतःचं नव्हे. युनिव्हर्सिटीचं. अमेरिकेत मिसिसिपी म्हणून राज्य आहे, तिथं एका लहानशा गावाच्या बाहेर, पाइनच्या झाडांना लागून. तिथली माती आंबट, आणि चहाला आंबटच माती लागते म्हणे. माझी सून पुण्याची, मोठी शिकलेली, चहावर संशोधन करायची. थंडीला न मरणारं झाड तयार करायचं, हे तिचं काम. तिथं उन्हाळ्यात जीव नकोसा होतो, आणि थंडीत अचानक असं गारठतं की आदल्या दिवशीचं कोवळं पान सकाळी भाजल्यासारखं काळं. तिनं कुठून कुठून बी आणून झुडपं वाढवलेली. मरतील ती मरू द्यायची, तगतील त्यांची कलमं करायची, की पुन्हा पहिल्यापासून. एक झाड खुडायला येईस्तोवर तीन-चार वर्षं जातात. एवढा धीर मी माणसांत पण फार बघितला नाही.

दुसरं काम सल्ला द्यायचं. आसपासच्या काही लोकांनी चहा लावला होता, कुणी घरामागं, कुणी जुन्या कापसाच्या रानात. त्यांचे फोन यायचे. पान पिवळं पडलं, लाल मुंग्या झाल्या, हरणानं शेंडे खाल्ले. ही शनिवारी गाडी काढायची. मागच्या सीटवर मी, नात आणि पोळीभाजीचा डबा. त्या लोकांना ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची, मला इंग्रजी येत नसूनही पाठ झाली होती. खुडलेलं पान जिवंत असतं, ते वास पितं. त्याच्याजवळ कांदा नको, सिगारेट नको, सेंट लावून हात लावू नका. एका शेतकऱ्यानं पानं पसरली त्याच शेडमध्ये डिझेलचा पंप ठेवला होता. हिनं त्याचा चहा हुंगला आणि सरळ सांगितलं, फेकून द्या. तो लालबुंद झाला. पण फेकला.

या चहावाल्यांची पुढारी होती एक बाई. माझ्याच वयाची, उंच, काळी, नवरा वारलेला, जन्मभर दवाखान्यात नर्स होती. तिचं नाव माझ्या तोंडात बसत नव्हतं म्हणून मी नर्सबाई म्हणायची. ती मला मामा म्हणायची. तिकडं आईला तसं म्हणतात. पहिल्या भेटीत तिनं मला चहा दिला, उंच ग्लासात, बर्फ घालून, पाकासारखा गोड. आमच्याकडं गार झालेला चहा मोरीत ओततात. मी गप प्यायले. पुढच्या शनिवारी मी थर्मासमधून माझा नेला, आलं ठेचून, दूध घालून, चांगला उकळलेला. तिनं एक घोट घेतला आणि सुनेला काहीतरी म्हणाली.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"म्हणते, मामा, सूप छान झालंय."

सुनेनं कपाळाला हात लावला. "एक चहाचा बर्फ करते, दुसरी सूप. आणि मी इथं पानाचा एकेक वास मोजत बसलेय."

हसण्याचे दिवस होते ते. मुलगा होता तेव्हा.

मुलगा माझा एकुलता. आधी ट्रॉयला होता, मिशिगनमध्ये, गाड्यांच्या कंपनीत कॉम्प्युटरचं काम. सुनेला चहाची नोकरी लागली तशी दोघं मिसिसिपीला आले, तो घरूनच काम करायचा. मला बोलावून घेतलं, माझं ग्रीन कार्ड करून घेतलं. येताना गावच्या घरातला माझा हिस्सा मी दिराच्या नावावर करून आले. म्हणलं, आता परत कशाला यायचं? मुलगा आहे तिथं घर.

एक दिवस दुपारी तो नातीला शाळेतून आणायला म्हणून खाली गाडीत जाऊन बसला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं, गाडी चालू आहे. भांडी घासून झाली, तरी गाडी चालूच. मी खाली गेले. पट्टा लावलेला होता, डोकं काचेला टेकलेलं. हार्ट. वय काही नव्हतं त्याचं.

मी रडले नाही असं लोक म्हणतात. रडून झालं की उठून परत काहीतरी करायचंच असतं, म्हणून मी आधी ते करत राहिले.

त्यानंतर मला कुणी जा म्हणलं नाही. राहा पण म्हणलं नाही. सून कामावर जायची, मी पोळ्या करायची, नातीच्या वेण्या घालायची, शेतावर खुडणी असली की टोपली घेऊन जायची. एक कळी आणि तिच्याखालची दोन पानं, नखानं नाही तोडायचं, बोटाच्या पेरानं अलगद मोडायचं. ते मला जमलं. पण पोळी लाटताना एकच विचार घोळायचा. सासू सुनेच्या घरात असते ती मुलामुळं. मुलगाच नाही, तर मी हिची कोण?

आणि मग वर्ष व्हायच्या आत तिच्या संशोधनाचा पैसा थांबला. वरून यायचा तो बंद झाला, इतकंच मला समजलं. पगार वर्षाअखेरपर्यंत. पानं सुकवायची खोली होती तिला लगेच कुलूप लागलं. शेत पण काढून टाकायचं ठरलं, झुडपं उपटून तिथं दुसरं काही करणार होते. सून ते सांगताना भाजी चिरत होती. चिरतच राहिली, गवारीचा नुसता भुगा झाला.

तिचा भाऊ सनीव्हेलला असतो, कॅलिफोर्नियात. त्याचा फोन आला तेव्हा तिचे हात कणकेत होते म्हणून तिनं स्पीकरवर टाकला. मी तिथंच ओट्याशी होते. त्याला ठाऊक नव्हतं.

"ताई, तू आणि पिल्लू सरळ इकडं या. इथं तुला काहीतरी मिळेल, बायोटेक वगैरे. वन बेडरूम आहे यार, पण हॉलमध्ये मॅनेज करू."

"आणि आई?"

"मावशींचं... त्यांचे पुतणे आहेत ना ट्रॉयला? बेसमेंट आहे त्यांना. तू किती जणांचं बघणार, ताई?"

सून कणीक मळत होती ती थांबली, एवढंच. मग म्हणाली, "बघते," आणि कोपरानं फोन बंद केला. मी तिच्याकडं बघितलं नाही, तिनं माझ्याकडं. मी पोळपाट पुसून पुढं ठेवला.

त्याच्यावर राग धरावा असा तिचा भाऊ नव्हे. खोटं काय बोलला तो? पण त्या दिवसापासून मला घरातली प्रत्येक वस्तू वेगळी दिसायला लागली. हे पातेलं सनीव्हेलला जाईल. हा पोळपाट ट्रॉयला. नात कुठं जाईल ते सांगायला नकोच होतं. ती माझ्या कुशीत झोपायची, बाप गेल्यापासून. माझा पदर मुठीत धरून.

एक वाट उघडली ती नर्सबाईनं. तिनं सगळ्या चहावाल्यांना जमवलं आणि म्हणाली, युनिव्हर्सिटी सोडत असेल तर ही बाई आपण ठेवू. आपण मिळून तिला पगार देऊ, ती आपल्या सगळ्यांच्या बागा बघेल. पण त्यासाठी चहा विकला गेला पाहिजे. शहरातला एक व्यापारी होता, मोठ्या दुकानांना चहा पुरवायचा. तो म्हणाला, तुमच्या त्या थंडीतल्या झाडांचा चहा मला चाखवा. पसंतीला उतरला तर मी तुम्हा सगळ्यांचा माल घेईन, हीच झाडं सगळीकडं लावा, आणि ही बाई देखरेखीला राहील.

म्हणजे सगळं एका चहावर आलं. चहा उतरला तर आम्ही तिघी त्याच घरात. नाही उतरला तर एक ट्रॉयला, दोघी सनीव्हेलला.

दिवाळी होऊन गेली होती. झुडपांना शेवटची पालवी आली होती, सून म्हणाली आणखी चार दिवस राहू दे, भरेल. आणि मग फोनवर आलं की गारठा येतोय. उद्याच पडणार. कोवळं पान राहिलं झाडावर तर गेलं. तेव्हा आजच खुडायचं.

नर्सबाई आली, मी, सून, शाळेतून परस्पर आलेली नात. ऊन असेपर्यंत खुडलं. वारा सुटला होता, सुनेच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं. सुकवायच्या खोलीला तर कुलूप. मग सगळी पानं आमच्या घरी आणली. मुलाच्या खोलीत, त्याचं टेबल भिंतीला सरकवून, माझी जुनी सुती लुगडी जमिनीवर अंथरली आणि त्यावर पानं पसरली. आधी धुवून घेतलेली लुगडी, साबण न लावता, हिच्याच सांगण्यावरून. पान रात्रभर पडून मऊ झालं पाहिजे, मोडलं तर कट् न वाजता वाकलं पाहिजे, मग चोळायचं. त्या संध्याकाळी तिनं फोडणी पण घालू दिली नाही. आम्ही दहीभात खाल्ला.

आणि दुसऱ्या दिवशी मुलाचं वर्षश्राद्ध होतं.

तिथी काय कुणासाठी थांबते? गारठा तरी कुठं थांबला? दोन्ही एकाच दिवशी आले. सून सकाळी न्हाऊन आली, ओले केस, म्हणाली, "आई, करायचं ना?" मी म्हणलं, "तू सांग." ती म्हणाली, "करायचंच. पहिलं वर्ष आहे." मग बराच वेळ त्या खोलीच्या दाराशी उभी राहिली. दार लावून घेतलं, खालच्या फटीला जाड टॉवेल दाबून बसवला. हातानं चाचपून बघितलं. "इकडं हॉलमध्ये करू. थोडक्यात."

गुरुजी शिकागोचे, फोनवर. तिथल्याच डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानातून एकदा आणलेल्या गोवऱ्या, धूप, कापूर, सगळं घरात होतं. बाहेर करायचं तर भाड्याच्या घरात अंगणात जाळ करायला मनाई, आणि वारा तर असा की काडी पेटेना. घरात धूर झाला की आतून छताला बसवलेला तो भोंगा बोंबलतो, म्हणून सुनेनं खुर्चीवर चढून त्याला आंघोळीची प्लास्टिकची टोपी घातली. इथं आपल्या घरांत पूजा म्हणली की सगळे हेच करतात. नातीनं खुर्ची धरली. खिडक्या उघडल्या नाहीत. बाहेर गारठा, आत पान, हवा एकसारखी राहिली पाहिजे.

गोवरी पेटली, धूप टाकला. गुरुजी फोनमधून म्हणाले, नाव घ्या. सुनेनं नाव घेतलं आणि तिचा आवाज तिथंच गेला. मग पुढचं सगळं मी म्हणलं, चुकतमाकत. आईनं मुलाचं म्हणायचं नसतं, पण ऐकायला कोण होतं. धुरानं हॉल भरला. नात म्हणाली, "आज्जी, माय आइज." मी तिचं तोंड पदरात घेतलं. पान बाजूच्या खोलीत होतं, दार बंद होतं, टॉवेल होता. मी स्वतः बघितलेला.

पण आमचं लक्ष गेलं नाही ते एका गोष्टीकडं. आपल्याकडं दार लावलं की खोली वेगळी झाली. इथं घराला एकच हीटर असतो आणि त्याची हवा भिंतींच्या आतून सगळ्या खोल्यांत फिरते. एका जाळीतून ओढतो, दुसऱ्या जाळीतून सोडतो. गारठ्यामुळं तो दिवसभर चालू होता.

दुपारी पान चोळायला घेतलं. मी खाली बसले, मांडीसमोर परात, दोन्ही तळव्यांनी दाबत गोल गोल. हात हिरवे होतात, मग तांबडे. पानातून रस सुटतो, चिकट. सून शेजारी बसून चोळत होती. मुलाचं श्राद्ध झालेलं, आणि आम्ही दोघी त्याच्याच खोलीत बसून त्याच्या टेबलापाशी चहा चोळत होतो. कुणी बघितलं असतं तर काय म्हणलं असतं. पण त्या दुपारी मला बरं वाटलं, खरं सांगते. ती मधेच म्हणाली, "आई, तुमचा दाब माझ्यापेक्षा चांगला आहे." मी म्हणलं, "भाकऱ्या थापल्यात." बास, इतकंच बोललो.

पानाचा रंग तांब्यासारखा झाल्यावर ओव्हनमध्ये मंद वाळवलं. तिनं कोरा करून चाखला. नाक चोंदलेलं होतं तिचं, सर्दीनं आणि सकाळच्या रडण्यानं. आणि घरच सगळं धुपानं भरलेलं, त्यात वेगळं काय कळणार. म्हणाली, "चांगला आहे. खूप चांगला आहे, आई." तिच्या तोंडावर वर्षभरात पहिल्यांदा मला काहीतरी दिसलं. मी माझ्या कपात दूध घालून प्यायले. मला तर काय, चहाच वाटला.

चाखायचं ठरलं नर्सबाईच्या घरी, जेवणाच्या टेबलावर. सगळे चहावाले आलेले, डिझेलवाला पण. व्यापारी चष्मेवाला, शांत माणूस. पांढऱ्या वाट्या मांडल्या, झाकणाचे छोटे कप. उकळतं पाणी ओतलं, वाळूचं घड्याळ उलटं ठेवलं. मग त्यानं चमच्यात घेऊन असा भुरका मारला की नात माझ्याकडं बघून फिसकन हसली. तिला भुरक्यावरून मी कितीदा बोललेली.

त्यानं पुन्हा भुरका मारला. ओली पानं नाकाशी नेली. मग वाटी खाली ठेवली आणि सुनेला काहीतरी विचारलं. सून म्हणाली, नो. त्यानं पुन्हा विचारलं. नर्सबाईनं कप उचलून वास घेतला आणि खाली बघायला लागली.

मी नातीला म्हणलं, "काय विचारतोय?"

"ही इज आस्किंग, व्हॉट इज द स्मेल." तिनं पुढं होऊन त्या वाटीवर नाक नेलं. आठ वर्षांची पोर. सगळ्यांच्या समोर, मोठ्यानं म्हणाली, "मम्मा, इट स्मेल्स लाइक बाबाज पूजा."

सुनेनं वाटी हातात घेतली. सर्दी गेली होती तोवर. तिनं वास घेतला आणि तशीच उभी राहिली, वाटी नाकाशी धरून. मला वाटलं पडते की काय. मी उठले. तिनं हातानंच मला थांबवलं. मग त्या सगळ्यांना इंग्रजीत सांगायला लागली. हीटर म्हणाली, स्मोक म्हणाली, माय हजबंड म्हणाली, तेवढं मला कळलं. काही लपवलं नाही.

व्यापाऱ्यानं चष्मा काढला, सॉरी म्हणाला. माणूस चांगला होता. पण असला चहा तो विकणार कसा? झाड चांगलं आहे म्हणाला, वसंतात पुन्हा चाखवा. वसंतात झाडं असती तर ना. डिझेलवाला भिंतीला टेकून उभा होता, हळूच काहीतरी बोलला. नात मला सांगेना. नंतर मी सुनेलाच विचारलं. म्हणाली, "तो म्हणाला, माझा तर फेकायला लावला होता." तिनं ते कसल्याही रागाशिवाय सांगितलं. "बरोबर बोलला, आई."

मग ते सगळे बाहेरच्या ओसरीवर जाऊन बोलले. आम्ही आत बसलो. नर्सबाई परत आली ती एकटी. सुनेच्या समोर खुर्ची ओढून बसली, तिचे दोन्ही हात धरले. विकत घेणारा नसेल तर पगाराचे पैसे घालायला कुणी तयार नव्हतं. तिनं एकटीनं किती उचलायचं? सून तिलाच थोपटत होती.

परतताना गाडीत सून म्हणाली, "आई, मी टॉवेल लावला होता."

"लावला होतास. मी बघितलं."

"हीटर बंद करायला पाहिजे होता. एवढंच. एक बटण."

"गारठा होता."

"मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते हे."

मागून नात म्हणाली, "मम्मा, आय लाइक्ड इट."

सुनेनं गाडी कडेला घेतली. स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मुलगा काचेला टेकलेला मला आठवला, म्हणून मी तिच्या खांद्याला धरून तिला सरळ बसवलं. म्हणलं, "असं नको बसूस." ती माझ्याकडं बघत राहिली. मग डोळे पुसून गाडी सुरू केली.

घरी आल्यावर मीच म्हणलं. ती म्हणेपर्यंत वाट बघायची नव्हती, तिच्या तोंडून यायला नको होतं ते. म्हणलं, "पुतण्याला फोन लावून दे."

"आई, थोडे दिवसच. माझं काही जमलं की..."

"हो. थोडेच दिवस."

दोघींनाही कळत होतं. तिनं फोन लावून दिला.

झुडपं उपटायच्या आधी तिनं सगळ्या चहावाल्यांना बोलावलं, कलमं घेऊन जा म्हणून. तिचा वरिष्ठ म्हणाला होता, नाहीतरी कचऱ्यातच जाणार. तिच्या सल्ल्याचं ते शेवटचं काम. एक पान, खाली बोटभर देठ, तिरका काप, असं एकेकाला हातात धरून दाखवलं. डिझेलवाला पण आला होता, टोपी हातात घेऊन. त्याला तिनं सगळ्यांत चांगल्या झाडाची दिली. नर्सबाईनं मला मिठी मारली, मला ते जमत नाही, मी ताठ उभी राहिले. मग तिच्या पाठीवर हात फिरवला.

मला सुनेनं दह्याच्या रिकाम्या डब्यात एक लावून दिलं. माझी बॅग भरताना तिची पण उघडी होती. स्वेटरांच्या मधे मला त्या चहाचा डबा दिसला, धुपाच्या वासाचा. फेकला असेल असं मला वाटलेलं. मी वरून स्वेटर नीट केला.

विमानतळावर नातीनं पदर सोडला नाही. मग सोडवून घेतला.

आता मी ट्रॉयला आहे. पुतण्या चांगला, त्याची बायको पण. खाली बेसमेंटमध्ये माझी खोली, वर जमिनीला लागून एक खिडकी. बर्फ पडला की खिडकी अर्धी बुजते. चहाचं ते झाड तिथं कुंडीत आहे. नळाचं पाणी इथं जड आहे, ते त्याला चालत नाही असं सुनेनं सांगितलं. मग मी पातेलं घेऊन बाहेर जाते, वरवरचा स्वच्छ बर्फ भरून आणते, वितळू देते, गारठा गेला की घालते. पुतण्याची बायको म्हणते, "काकू, सगळं ट्रॉय फावड्यानं बर्फ बाहेर फेकतं, आणि तुम्ही घरात आणता!"

रविवारी सनीव्हेलचा फोन येतो. नात दिसते, केस कापलेत तिचे, कारण वेण्या घालायला सकाळी कुणाला वेळ नाही. मराठीत विचारलं तर इंग्रजीत सांगते, मग कंटाळते, जाते. सुनेला तिथं एका लॅबमध्ये काम लागलंय, चहाचं नाही, कसल्या तरी औषधाचं. तिच्याशी तरी काय बोलणार? मुलाचं बोललं की दोघी गप होतो. घराचं बोलायला घर नाही. उरतं ते झाड. पाणी किती घातलं, नवं पान आलं का, खिडकीच्या काचेला टेकू देऊ नका. ती विचारते, मी सांगते. तिच्या सल्ल्याला आता मी एकटी राहिले.

आणि झाड चांगलं नाही. महिना झाला, एका बाजूची पानं पिवळी पडून गळायला लागलीत. ते गेलं तर रविवारी ती कशासाठी फोन करेल? म्हणून मी कुंडी फिरवून ठेवते. फोन आला की हिरवी बाजू पुढं करते.

गेल्या रविवारी ती बघत होती. बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "आई, कुंडी जरा फिरवा."

मी म्हणलं, "बरं आहे सगळं."

"फिरवा ना, आई."

मी फिरवली. फोन कुंडीपुढं धरला. तिच्या मागं कुणाचा तरी मिक्सर चालू होता, तो बंद झाला. मग म्हणाली, "खालची माती बोटानं उकरून बघा. ओली आहे का?"

"आहे थोडी."

"आठवडाभर पाणी नको. पिवळी पानं तोडू नका, राहू द्या. पुढच्या रविवारी परत दाखवा मला."

मी म्हणलं, "दाखवते."